टंकलेखनाबद्दल आभार

गणित विभागाच्या जिन्यात, पहिल्या वळणावर, एक पितळी पाटी आहे. तिच्यावर सरांचं नाव मोठ्या अक्षरांत आणि त्याखाली सरांचं प्रमेय लहान अक्षरांत कोरलेलं आहे. शिपाई ती पाटी पुसून लख्ख ठेवतो, आणि येणारे-जाणारे तिच्याकडे आदराने बघतात. एकच बाई अशी आहे, की वळण आलं की ती भिंतीकडे पाठ करते आणि कठड्याला धरून वर जाते. कारण ते प्रमेय तिचं आहे. सरांचं त्यात काही असलंच, तर ते फक्त नाव.

या बाईला सगळे दशांश म्हणतात. शिकत असताना पडलेलं नाव, ते चिकटलं ते चिकटलं. कोणी 'साधारण पाच' म्हणालं की ही विचारायची, "साधारण म्हणजे किती?" मैत्रिणी वैतागायच्या. आई म्हणायची, "अगं, जगात थोडं इकडेतिकडे चालतं." दशांशच्या विषयात मात्र ते चालत नाही. तिचा विषय केऑस. केऑस म्हणजे गोंधळ नव्हे. गोंधळ काय, तो कोणाच्याही घरी असतो. इथे नियम पक्के, पायरीमागून पायरी ठरलेली, नशिबाला बोट शिरकवायलाही जागा नाही. आणि तरीही सुरुवातीला केसभर फरक पडला, तर पुढे दोन वाटा इतक्या लांब जातात की समोरासमोर आल्या तरी एकमेकींना ओळख देणार नाहीत.

तिने सोडवलेला प्रश्न सांगायला सोपा होता. एक समीकरण, आणि त्यात एक आकडा असा, की तो जुन्या रेडिओच्या बटणासारखा हळूहळू पिळता येतो. पिळत गेलं की आधी सगळं शिस्तीत चालतं, मग बिघडायला लागतं, आणि एका खुणेपलीकडे केऑस सुरू होतो. प्रश्न एवढाच, की त्या खुणेपलीकडे एखाद्या बारीक फटीत शिस्त मधूनच परत येते का? मोठमोठ्यांनी यावर डोकी आपटून घेतली होती. दशांशने पंचविशीत सिद्ध केलं, की नाही येत. एकदा बिघडलं ते बिघडलं.

सर तिचे मार्गदर्शक. उंच, गोड आवाजाचे, फळ्यावर सुंदर अक्षर काढणारे. त्यांची कामाची पद्धत ठरलेली होती. विद्यार्थ्याने लिहून आणायचं, सरांनी न बघता म्हणायचं, "ठेव, बघतो." दशांशने ठेवलं. नुसतं हाताने लिहून नव्हे. तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत विभागाचा एकुलता एक संगणक होता, त्याच्यापुढे बसून, एकेक चिन्ह जागेवर बसवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत स्वतः टाइप करून ठेवलं. वर स्वतःचं नाव घातलं आणि खाली सरांचे आभार मानले. पुढचं दीड वर्ष ती विचारत राहिली आणि सर "बघतोय, बघतोय" म्हणत राहिले.

मग वाचनालयात नव्या अंकांच्या कपाटासमोर उभी असताना तिला ते छापलेलं दिसलं. तिचीच वाक्यं, तिचीच चिन्हं, तिच्याच एका आवडत्या स्वल्पविरामासकट. वर फक्त सरांचं नाव. शेवटी बारीक अक्षरांत तिचंही होतं: हस्तलिखिताच्या काळजीपूर्वक टंकलेखनाबद्दल आभार.

ती तडक सरांच्या खोलीत गेली.

"बस," सर म्हणाले. "चहा घेशील?"

"सर, ही सिद्धता माझी आहे."

"सिद्धता तुझी. पण प्रश्न कोणाचा होता?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "अगं वेडे, तुझ्या नावावर छापलं असतं तर कोणी पानही उलटलं नसतं. माझ्या नावावर आलं म्हणून जगभर वाचतील. पोराच्या पायात बळ येईपर्यंत बापाने कडेवर घ्यायचं असतं. आणि हो, विभागात एक जागा निघतेय. मी शब्द टाकून ठेवलाय."

चोरी करून वर बापपण! दशांशला त्या क्षणी तो चष्मा त्यांच्या हातातून घेऊन भिंतीवर फेकावासा वाटला. पण घरी वडील अंथरुणाला खिळलेले होते, भावाचं शिक्षण अर्ध्यावर होतं, आणि तिच्याकडे पुरावा म्हणावा असं काही नव्हतं. हाताने लिहिलेले कागद सरांकडेच राहिले होते, आणि संगणकातली प्रत त्यांनी 'जागा नाही म्हणून' पुसायला लावली होती. तिने नोकरी घेतली. आणि ज्या तोंडाने चोर म्हणायचं, त्या तोंडाने ती पुढे रोज 'नमस्कार सर' म्हणत राहिली. हे तिला आतून कुरतडत राहिलं.

सर मात्र वाढत गेले. आयत्या बिळावर नागोबा बसतो, तसे त्या प्रमेयावर बसले. पारितोषिक मिळालं, विभागप्रमुखपद आलं, परदेशच्या वाऱ्या झाल्या, जिन्यात पाटी लागली. पाटीच्या समारंभाला दशांशला पुढच्या रांगेत बसवून टाळ्या वाजवायला लावल्या.

त्यानंतर चारएक वर्षांनी ती दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवत होती. नेहमीचा धडा, नेहमीची चूक. एका मुलीने दोन विधानांची गल्लत केली, आणि दशांशने दरवर्षी देते तेच उदाहरण दिलं: "प्रत्येक कुलपाला किल्ली असते, म्हणून एकच किल्ली सगळ्या कुलपांना लागते असं होतं का?" मुलं हसली. दशांश फळ्याकडे वळली आणि तिचा खडू तिथेच थांबला.

तिच्या सिद्धतेच्या मधोमध हीच चूक होती. बटणाच्या प्रत्येक जागेसाठी एक मर्यादा सापडते, इतकं तिने बरोबर दाखवलं होतं. पुढच्या ओळीत मात्र तिने सगळ्या जागांसाठी एकच मर्यादा धरली होती. प्रत्येक कुलपाला किल्ली, म्हणून सगळ्यांना एकच! पहिल्या परीक्षेत मुलांचे गुण जातात ती चूक. तिच्या नजरेतून सुटली, तपासणाऱ्यांच्या सुटली, आणि सरांनी तर मुळात वाचलंच नव्हतं.

वर्ग लवकर सोडून ती आपल्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं. आधी रडू आलं. आयुष्यातली एकच मोठी गोष्ट, आणि तीही फुटकी. मग हळूहळू हसू यायला लागलं, आणि ते आवरेना. सरांनी चोरून नेलेला दागिना पितळेचा निघाला होता, आणि ते ठाऊक असलेली जगात एकटी तीच होती.

दुसरं कोणी असतं तर तेव्हाच धावत जाऊन बोंब मारली असती. दशांश बसून राहिली. आज सांगितलं तर काय होईल? सर चारचौघांत हसतील, लहानशी दुरुस्ती छापतील आणि शेवटी तिचे पुन्हा आभार मानतील. ते तिला नको होतं. प्रमेय पडलं तरी ते सरांचं म्हणूनच पडणार असेल, तर तिला त्यात काय? तिला हवं होतं ते एकच: ज्या तोंडाने तिचं नाव गिळलं, त्याच तोंडाने ते सगळ्यांसमोर बाहेर काढायचं.

आणि त्याचा उपाय सरांच्याच स्वभावात होता. गेली कित्येक वर्षं ती तो स्वभाव न्याहाळत होती. बरोबर आलं की सरांचं, चुकलं की विद्यार्थ्याचं. एकदा एका परिषदेत त्यांचा आलेख उलटा लागला होता, सर जराही न चाचरता म्हणाले, "आमच्या मुलांना घाई फार." एका पुस्तकात आकडा चुकला, तेव्हा दुरुस्तीच्या चिठ्ठीत एका विद्यार्थ्याचं नाव छापून आलं, पुस्तकावर ते कुठेही नव्हतं. चूक अंगाला लागली की झटकायची, यात त्यांचा हात आपोआप चालायचा. म्हणजे चूक पुरेशी लाजिरवाणी हवी आणि पुरेशा लोकांसमोर हवी. मग सर आपसूक म्हणतील, की हे मी लिहिलंच नव्हतं.

पण नुसतं 'सिद्धतेत भोक आहे' म्हणून भागणार नव्हतं. भोक बुजवता येतं. प्रमेय मुळातच खोटं आहे असं दाखवायला हवं होतं, म्हणजे त्या खुणेपलीकडे कुठेतरी, केऑसच्या ऐन मध्यात, शिस्तीची एक फट शोधून दाखवायला हवी होती. दशांश कामाला लागली.

त्यात तिची उमेदीची वर्षं गेली. समुद्रात सुई शोधावी तसं ते काम. संगणकाने फट दाखवली, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. केऑसमध्ये संगणक सर्रास खोटं बोलतो, कारण तो प्रत्येक आकडा कुठेतरी तोडतो, आणि तोडलेला कण पुढे राक्षस होऊन बसतो. म्हणून तिने प्रत्येक आकड्याला दोन भिंती घातल्या. खरा आकडा या दोन भिंतींच्या आत आहे, एवढं नक्की. मग आकडा न्यायचाच नाही, भिंती पुढे न्यायच्या. थोडं गेलं की भिंती लांब जायच्या, मधली जागा फुगायची, सगळं मुसळ केरात. पुन्हा पहिल्यापासून. मधल्या काळात वडील गेले, भाऊ नोकरीला लागला, तिने दातांच्या डॉक्टरशी लग्न केलं, केस पिकले. बाकीचे शोधनिबंध छापत होते, बढत्या घेत होते. हिच्याबद्दल लोक म्हणायचे, हुशार होती, पण पुढे काही केलं नाही.

नवऱ्याला सगळं माहीत होतं. त्याच्या दवाखान्यात, शेवटचा पेशंट गेल्यावर, ती त्याच खुर्चीत पाय पसरून पडायची आणि तो हत्यारं धुता धुता ऐकायचा.

"दात दुखला की काढायचा असतो," तो म्हणायचा. "तू तो इतकी वर्षं जपून ठेवलायस."

"निघेल तेव्हा त्यांच्या तोंडातून निघेल."

"आणि समजा म्हातारा उभा राहून म्हणाला, 'हो बाबा, माझी चूक झाली'? लोक टाळ्या वाजवतील. केवढा मोठा माणूस म्हणतील. मग तुझं काय उरलं? होतं ते प्रमेयही तूच फोडलंस, आणि चूकसुद्धा त्याच्याच नावावर गेली."

"नाही म्हणणार."

"एवढी खात्री?"

"त्या माणसात केऑस नाही," दशांश म्हणाली. नवरा हसला, पण तिला हसू आलं नाही. तो म्हणत होता ते खरं होतं. सगळा डाव एका माणसाच्या एका वाक्यावर लावलेला होता.

या सगळ्यात धाकटी आली. तीही सरांचीच विद्यार्थिनी, म्हणजे नात्याने गुरुभगिनी. दशांशपेक्षा बऱ्याच वर्षांनी लहान, म्हणून धाकटी. शेजारच्या खोलीत बसायची. बोलकी, हसरी, दुपारचा चहा स्वतः करून दशांशच्या टेबलावर आणून ठेवणारी. "ताई, आधी चहा, मग केऑस." दशांशला कोणी ताई म्हणणारं या इमारतीत दुसरं नव्हतं, आणि तिला ते आवडायचं.

धाकटीने आपलं सगळं काम सरांच्या प्रमेयावर उभं केलं. शिस्त परत येत नाही हे धरून ती पुढे पुढे बांधत गेली. एके दिवशी ती छापलेला निबंध घेऊन आली आणि बरोबर त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ताई, ही पायरी बघ ना. ही एकच मर्यादा सगळीकडे कशी चालते? मला काही केल्या जमत नाहीये."

दशांशच्या हातात कप होता. कप तिने सावकाश खाली ठेवला. "सरांना विचार," ती म्हणाली.

धाकटीने सरांना विचारलं. सर म्हणाले, ते उघड आहे, विचार कर. धाकटीने विचार केला, आणि इतकी मोठी माणसं मानतात तर आपलंच डोकं चालत नाही, असं समजून घेतलं. काही वर्षांनी पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा तिने तोच प्रश्न दुसऱ्यांदा आणला. दशांशने पुन्हा तेच सांगितलं, "सरांना विचार." त्या रात्री दशांशला जेवण गेलं नाही. पण तोंड उघडलं नाही. धाकटीला सांगायचं म्हणजे सरांना सांगण्यासारखंच होतं, आणि डाव अजून लागायचा होता. सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं तिने मनाला समजावलं आणि पुन्हा भिंती ढकलायला बसली.

फट सापडली ती एका साध्या दुपारी. खोलीत पंखा फिरत होता, बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. त्या खुणेच्या बऱ्याच पलीकडे, केसाच्याही केसाएवढी बारीक जागा. तिथे भिंती फाकल्या नाहीत. फिरून फिरून जिथून निघाल्या होत्या तिथे आल्या आणि एकमेकींच्या आणखी जवळ सरकल्या. शिस्त परत आली होती. दशांशने तीन महिने सगळं उलटसुलट तपासलं. मग ती सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त भरणाऱ्या परिषदेच्या आयोजकांकडे गेली आणि म्हणाली, "मलाही सरांच्या प्रमेयाविषयी थोडं बोलायचंय." आयोजक गहिवरला. इतकी वर्षं गप्प बसलेली बाई सरांसाठी बोलणार!

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत मधोमध सर, मांडीवर फुलांचा गुच्छ, शेजारी परदेशातून आलेले एक पाहुणे प्राध्यापक. दुसऱ्या रांगेत धाकटी. तिचं पुस्तक छापखान्यात होतं, पुढच्या महिन्यात यायचं होतं. कोपऱ्यात कॅमेरा, कारण आज बोललेलं सगळं जपून ठेवायचं होतं.

दशांश शांतपणे बोलली. आधी सरांचं प्रमेय फळ्यावर लिहिलं, तेही सरांसारख्या सुंदर अक्षरात. मग म्हणाली, "या सिद्धतेतली एक ओळ मी तुम्हाला दाखवते," आणि कुलपांचं उदाहरण दिलं. मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं, आणि मग त्याला कळलं की हे हसण्यावारी न्यायचं नाही. मग तिने फट दाखवली, भिंती कशा नेल्या ते दाखवलं, आणि खडू खाली ठेवला. "म्हणजे प्रमेय खोटं आहे," ती म्हणाली.

पाहुण्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फळ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मान डोलावली. सरांचे कान लाल झाले होते.

आता पुढचं वाक्य. हे वाक्य तिने इतक्या वर्षांत इतक्या वेळा घोळवलं होतं, की ते तोंडातून गुळगुळीत होऊन आलं. "ही चूक अगदी प्राथमिक आहे. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी करतो तशी. सरांच्या तोडीच्या माणसाच्या हातून ती व्हावी, याचं मलाच आश्चर्य वाटतं."

आणि ती थांबली. सर उठायला लागले. गुच्छ खाली पडला. आता हा माणूस 'माझी चूक' म्हणाला की संपलं, सगळं आयुष्य पाण्यात.

"नाही, त्याचं काय आहे," सर हसत म्हणाले. आवाज अजून गोड होता. "आश्चर्य वाटायचं कारण नाही. ती सिद्धता तशी मी लिहिलेलीच नव्हे. ती माझ्या विद्यार्थिनीची. म्हणजे या बाईंचीच! तेव्हा अगदी लहान होत्या. मी भाबडेपणाने विश्वास ठेवला आणि छापलं. चूक यांचीच आहे, आणि आज यांनीच ती सुधारली, छान झालं."

दशांशला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला ओरडावंसं वाटेल. तसं काही झालं नाही. तिने शेजारचा माईक उचलला आणि पायऱ्या उतरून सरांच्या हातात दिला.

"सर, जरा माईकवर सांगा ना. मागच्या लोकांना ऐकू गेलं नाही. रेकॉर्डिंगही चालू आहे."

सरांनी सवयीने माईक घेतला, तोंडाशी नेला आणि बोलायला लागले. "ती सिद्धता मी लिहिलेली नाही, ती या..." आणि अर्ध्यावर त्यांना कळलं. चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातून माणूस निघून गेला. पण वाक्य सुरू झालं होतं, आणि पूर्ण न करणं हे पूर्ण करण्यापेक्षा वाईट दिसलं असतं. "...यांची आहे," ते म्हणाले.

"पूर्ण सिद्धता?" पाहुण्यांनी विचारलं.

"म्हणजे... प्रश्न माझा होता."

पाहुण्यांनी सरांकडे बघितलं, मग फळ्याकडे, मग दशांशकडे, आणि उठून टाळ्या वाजवल्या. एकट्यांनी. मग मागून एकेक जण उठत गेला. प्रमेय तिचं, आणि ते मोडणारी फटही तिची. सरांच्या हातात माईकशिवाय काही उरलं नव्हतं. तो कसा बंद करायचा हेही त्यांना कळेना, आणि त्यांचा श्वास सगळ्या सभागृहात ऐकू येत राहिला. दशांशने तो श्वास शेवटपर्यंत ऐकला. तिला इतकं बरं आजवर कधीच वाटलं नव्हतं, आणि ते लपवायची तिला गरजही वाटली नाही.

बाहेर ओसरीत चहा ठेवला होता. लोक हात मिळवत होते, पाठ थोपटत होते, शोधनिबंध कुठे छापणार विचारत होते. सर मागच्या दाराने गेल्याचं कोणीतरी सांगितलं. नवरा कोपऱ्यातून बघत होता. त्याने नुसती मान हलवली.

गर्दी जरा ओसरली तेव्हा धाकटी समोर आली. तिच्या हातात चहाचा कप नव्हता.

"ताई, तू हे कधीपासून जाणत होतीस?"

'गेल्या वर्षापासून' म्हणता आलं असतं. कोण तपासणार होतं? दशांशच्या ओठांवर ते आलंही. पण आत्ताच त्या सभागृहात एका माणसाने अंगावरची धूळ दुसऱ्यावर झटकलेली तिने बघितली होती, आणि तिला त्याच्या पंगतीला बसायचं नव्हतं.

"तू इथे यायच्या आधीपासून."

"मी तुला विचारलं होतं. त्याच ओळीबद्दल. दोनदा."

"हो."

धाकटी रडली नाही. ओरडलीही नाही. ओरडली असती तर दशांशने ऐकून घेतलं असतं, पाया पडून माफी मागितली असती, पुस्तक थांबवायला बरोबर छापखान्यात गेली असती. धाकटी नुसती उभी राहिली आणि तिच्याकडे बघत राहिली, खूप वेळ, एखादा अवघड स्वभाव शिकून घ्यावा तशी.

"तुमच्या त्या फटीची आकडेमोड मला द्याल का?" तिने विचारलं. ताई नाही, तू नाही. "सगळी. पहिल्या भिंतीपासून. मला एकेक पायरी तपासून बघायचीय."

"बरोबर आहे ती," दशांश म्हणाली. "मी तीन महिने तपासलीय."

"असेल ना. पण तुमची ती पहिलीही सगळ्यांनी तपासली होती." धाकटी अगदी गोड हसली. "सावकाश बघते. मला काही घाई नाही."

दशांश 'देते' म्हणाली. दुसरं काय म्हणणार? धाकटी वळली आणि जिन्याकडे गेली. तिची ती सावकाश, मोजकी चाल दशांशला चांगली ओळखीची होती; ती तिची स्वतःचीच होती. मग दशांश कप हातात धरून तिथेच उभी राहिली, आणि मनातल्या मनात पहिल्या भिंतीपासून एकेक पायरी पुन्हा तपासायला लागली.